खाणीची छोटी रेल्वे : वजनावर विकायची की कामावर ठेवायची?

बारामती-इंदापूर भागात दगडखाण म्हटली की आज डोळ्यांपुढे येतात ते डंपर, पोकलेन आणि खडी क्रशर. खाणीत रूळ असतात, त्यावर छोटे इंजिन धावते, असे सांगितले तर तरुण मुले हसतील. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जगातल्या मोठ्या खाणींतून माल निघत असे तो रुळांवरूनच. हे रूळ आपल्या मोठ्या रेल्वेसारखे नसत. दोन रुळांमधले अंतर दोन फूट, कोठे अडीच फूट. इंजिन एखाद्या मोटारीएवढे आणि त्यामागे एका बाजूला उलटणाऱ्या लोखंडी डबक्यांची रांग.

या छोट्या रेल्वेची माहिती व्यापाराच्या पानावर देण्याचे कारण सरळ आहे. अशी रेल्वे आपल्या बारामतीला होती, शेजारच्या कुर्डुवाडीला होती, आणि माथेरानची रेल्वे तर एका मुस्लिम व्यापारी घराण्याने स्वतःच्या पैशाने बांधली. त्या रेल्वेचे एक इंजिन आज इंग्लंडमध्ये आहे. वाळूच्या खाणीसाठी टाकलेल्या एका जुन्या रेल्वेने ते आपल्याकडे घेतले आणि तेथील हौशी लोक ते जिवापाड सांभाळतात. आपल्याकडची अशी किती तरी इंजिने मात्र किलोच्या भावाने गेली. एकाच मालाची दोन ठिकाणी दोन वेगळी किंमत का झाली, हा प्रश्न भंगाराच्या व्यापाऱ्यापासून लेथवर काम करणाऱ्या कारागिरापर्यंत सर्वांच्या उपयोगाचा आहे.

खाणीत रूळ का टाकले?

कच्च्या रस्त्यावर बैल जेवढे ओझे ओढतो, त्याच्या कित्येक पट ओझे तो रुळावर ओढू शकतो. लोखंडी चाक लोखंडी रुळावर कमी शक्तीत फिरते. खाणमालकाला एवढे पुरेसे होते. सुरुवातीला रुळांवर घोडे जुंपले गेले, वाफेची इंजिने पुढे आली.

ब्रिटनमधील वेल्स प्रांतात पाटीच्या दगडाच्या खाणी होत्या. त्या दगडाची छपराची कौले निघत. खाणीपासून बंदरापर्यंत माल नेण्यासाठी १८३६ साली फेस्टिनिओग रेल्वे सुरू झाली. तिच्या रुळांमधले अंतर दोन फुटांपेक्षा किंचित कमी होते. खाण डोंगरावर आणि बंदर खाली, म्हणून सारा मार्ग उताराचा ठेवला. भरलेल्या गाड्या आपल्याच वजनाने खाली येत. त्याच गाडीच्या एका डब्यात घोडे उभे असत, आणि खाली पोचल्यावर तेच घोडे रिकाम्या गाड्या वर ओढून नेत. जाताना इंधन नाही, येताना फक्त रिकाम्या डब्यांचे वजन. यापेक्षा स्वस्त वाहतूक कोणत्या व्यापाऱ्याला सुचेल? माल वाढला तेव्हा १८६३ मध्ये वाफेची इंजिने आली. एवढ्या अरुंद रुळावर इंजिन चालते हे पाहायला देशोदेशीचे इंजिनिअर तेथे येऊ लागले. डोंगराळ किंवा गरीब मुलुखात मोठ्या रेल्वेचा खर्च परवडत नसेल तर छोटी रेल्वे टाकावी, हा विचार तेथून पसरला. आपल्याकडे १८८१ मध्ये दोन फुटी दार्जिलिंग रेल्वे पूर्ण झाली.

फ्रान्सच्या देकोव्हील कंपनीने पुढे आणखी सोय केली. रूळ आणि त्याखालचे लोखंडी आडवे पाट एकत्र जोडून तयार तुकडे विकायला काढले. मजुरांनी तुकडा उचलावा, पुढे ठेवावा आणि जोडावा. खाणीची कड पुढे सरकली की रूळही सरकले. खाणी, मळे, धरणांची कामे अशा सर्व ठिकाणी हा माल खपला. महाराष्ट्रातल्या जुन्या साखर कारखान्यांच्या मळ्यांतही उसासाठी अशा ट्रॉली-लाइनी होत्या.

बारामतीची गाडी, बार्शीची युक्ती

दौंड-बारामती रेल्वे १९१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ती अडीच फुटी होती. सुमारे ४४ किलोमीटरचा मार्ग. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने या भागात ऊस वाढला, गुऱ्हाळे वाढली आणि बारामतीच्या पेठेतल्या गुळाला बाहेरची गिऱ्हाइके मिळाली. तो माल मोठ्या लाइनीला पोचवायला छोटी लाइन उपयोगी पडली. दौंडला डबा बदलायचा म्हणजे माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवायचा. हमाली वाढे, वेळ जाई, पण बैलगाडीपेक्षा ते परवडे. नंतर ही लाइन ब्रॉडगेज झाली आणि छोट्या गाडीची गरज संपली.

या अडीच फुटी पद्धतीचे खरे घर मात्र इंदापूरच्या पूर्वेला, भीमेपलीकडे कुर्डुवाडीला होते. बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी पेठ, पण मोठी रेल्वे तिला टाळून गेलेली. एव्हरार्ड काल्थ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेत इंजिन निरीक्षक म्हणून हिंदुस्थानात आला होता. बार्शीच्या वाटेवरची बैलगाड्यांची वर्दळ त्याने हेरली. नोकरी सोडून त्याने कंपनी उभी केली आणि १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली.

काल्थ्रॉपची युक्ती प्रत्येक धंदेवाल्याने समजून घेण्यासारखी आहे. रूळ किती जाड घालायचा हे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही. एका आसावर किती वजन येते यावर ते ठरते. त्याने नियम केला की इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. इंजिन जड लागणार असेल तर त्याला जास्त आस द्या. त्याच्या पहिल्या इंजिनांना आठ जोडलेली चाके आणि मागे चार, म्हणजे सहा आस होते. तीस टनांच्या आसपासचे इंजिन त्यामुळे यार्डाला तीस पौंडांच्या, म्हणजे मीटरला सुमारे पंधरा किलोच्या हलक्या रुळावर चालू शकले. डबेही लांब आणि हलके, दाबलेल्या पोलादी पत्र्याच्या सांगाड्याचे केले. भार वाटला गेला, रूळ हलका झाला आणि भांडवल कमी लागले.

इंजिने लीड्सच्या किट्सन कंपनीत तयार झाली. ती जहाजावर चढवण्यापूर्वी त्याने लीड्सजवळ रूळ टाकून त्यांची चाचणी घेतली आणि ती पाहायला जाणकारांना बोलावले. माल पाठवण्यापूर्वी गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवण्याची ही रीत आजही मोलाची आहे. पुढे ही रेल्वे पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. १९५४ मध्ये ती सरकारने घेतली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत ती टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली.

याच बार्शी रेल्वेच्या एका तुकड्याचे काम सोलापूरच्या एका तरुण कंत्राटदाराला मिळाले होते. रेल्वेत कारकून राहिलेल्या फाटक यांच्या भागीदारीत त्याने १९०३ च्या सुमारास धंदा सुरू केला. त्याचे नाव वालचंद हिराचंद. इंदापूर तालुक्यातल्या कळंबचे वालचंदनगर पुढे त्यांच्याच नावाने झाले. छोट्या रेल्वेच्या मातीकामापासून निघालेला माणूस साखर, जहाज, विमान आणि मोटारीपर्यंत पोचला, आणि वालचंदनगरच्या कारखान्यात पुढे अवकाश रॉकेटांचे भागही घडले. छोट्या कामाला कमी लेखणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पीरभॉय घराण्याची डोंगरी रेल्वे

आता माथेरानकडे वळू. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतले दाऊदी बोहरा व्यापारी. १८४६ चा जन्म, गरिबीतले बालपण. रस्त्यावर काड्यापेट्या विकण्यापासून सुरुवात करून ते लष्कराला तंबू आणि कातडी माल पुरवणारे बडे कंत्राटदार झाले. धारावीला त्यांचा कातडी कमावण्याचा आणि बुटांचा मोठा कारखाना होता. ते मुंबईचे शेरीफ झाले. १९०७ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात कराचीला झालेल्या मुस्लिम लीगच्या पहिल्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते.

त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी नेरळ ते माथेरान रेल्वेचे काम हाती घेतले. १९०४ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि १९०७ मध्ये गाडी धावली. सुमारे १६ लाख रुपये लागले, असे सांगितले जाते. ही रक्कम घराण्याच्या तिजोरीतून आली. रेल्वे दोन फुटी, लांबी सुमारे २० किलोमीटर, चढ वीस फुटाला एक फूट आणि वळणे एकावर एक. आराखड्यात पुन्हा तोच काल्थ्रॉप. म्हणजे बार्शीच्या पठारावर कमावलेले ज्ञान माथेरानच्या डोंगरावर कामी आले.

एका गोष्टीची आपल्या वाचकांनी नोंद घ्यावी. पीरभॉय यांचा मूळ धंदा तंबूंचा आणि कातड्याचा. रेल्वे हा त्यांचा विषय नव्हता. पण ज्याला विषय कळतो असा माणूस त्यांनी शोधला, यंत्रे कोठे चांगली बनतात ते पाहिले आणि माल जर्मनीहून मागवला. बर्लिनच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल या कंपनीने माथेरानला चार इंजिने पुरवली. खाणी आणि मळ्यांसाठी लहान इंजिने बनवण्यात या कंपनीचे नाव जगभर होते.

वळणावर वाकणारा आस

या इंजिनांची करामत फिटर आणि टर्नर बंधूंना विशेष आवडेल. इंजिनाला सहा चाके, ती बाहेरच्या दांड्यांनी एकमेकांना जोडलेली. दांडे सरळ राहिले पाहिजेत, नाही तर वाफेची ताकद चाकांना मिळत नाही. पण माथेरानचे वळण इतके आखूड की ताठ उभी सहा चाके त्यावर अडकून पडतील. दांडा सरळ हवा आणि चाक वळायला हवे. हे दोन्ही कसे साधायचे?

क्लीन आणि लिंडनर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेत पुढचा आणि मागचा आस दुहेरी केला आहे. आत भरीव आस, त्यावर पोकळ आस. दांडे आतल्या आसाला जोडलेले, तो नेहमी सरळ फिरतो. चाके बाहेरच्या पोकळ आसावर बसवलेली. दोन्हींची जोड मध्यभागी एका गोल गोळ्याच्या सांध्याने केलेली. त्या सांध्यातून फिरण्याची ताकद चाकांना मिळते आणि पोकळ आस वळणाप्रमाणे थोडा तिरपाही होतो. आपल्या खांद्याचा सांधा जसा फिरतो तसेच हे आहे.

अशा सांध्याला वंगण नीट मिळाले नाही किंवा माप थोडे बिघडले तर इंजिन झिजते आणि खर्च वाढतो. म्हणून ही इंजिने टिकवायची तर सुटे भाग हाताशी हवेत, नाही तर ते घडवणारा कारागीर हवा. माथेरानची वाफेची इंजिने अनेक दशके चालली. १९५० च्या दशकात जर्मनीच्याच युंग कंपनीची डिझेल इंजिने आली आणि पुढे वाफ मागे पडली. चार इंजिनांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ठेवले गेले. ७४० क्रमांकाचे इंजिन इंग्लंडला पोचले.

वाळूच्या खाणीची रेल्वे

ते जेथे पोचले ती जागा आहे लेटन बझर्ड, बेडफर्डशर परगण्यातले गाव. येथे जमिनीखाली उत्तम वाळू मिळते. ओतकामाच्या साच्याला लागते तशी. बिडाचे ओतकाम करणाऱ्या आपल्या मोल्डर बंधूंना चांगल्या वाळूची किंमत सांगायला नको. पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटनमधील ओतशाळांना बेल्जियमहून वाळू येत असे. १९१४ मध्ये युद्ध पेटले, ती वाट बंद झाली आणि लेटन बझर्डच्या वाळूला एकदम मागणी आली. घोडागाड्या आणि वाफेवर चालणारी अवजड रस्ता-इंजिने वाळू वाहू लागली. गावचे रस्ते उखडले. युद्ध संपल्यावर स्थानिक प्रशासनाने खाणमालकांना स्पष्ट सांगितले की आमचे रस्ते आता यासाठी मिळणार नाहीत. इंदापूर रस्त्याला खडीचे डंपर धावताना पाहिलेल्यांना हा वाद नवा वाटणार नाही.

खाणमालकांनी तोडगा काढला. लष्कराने युद्धभूमीसाठी घेतलेले दोन फुटी रूळ आणि इंजिने आता फालतू झाली होती. तो माल स्वस्तात घेऊन त्यांनी १९१९ मध्ये रेल्वे टाकली. सुरुवातीला वाफेची दोन इंजिने आणली, पण ती या कामाला परवडेनात. दोन-तीन वर्षांत ती विकून टाकली आणि पेट्रोलवर चालणारी सिम्प्लेक्स इंजिने ठेवली. सिम्प्लेक्सची गिअरपेटी अशी की पुढे आणि मागे दोन्हीकडे सारख्याच वेगाने जाता येते, इंजिन वळवावे लागत नाही. चालक आडवा बसतो, म्हणजे दोन्ही बाजूंना बघू शकतो. हे बनवणाऱ्या कंपनीचा पहिल्या काळातला एक धंदा म्हणजे कराचीच्या ट्रामसाठी पेट्रोलच्या गाड्या, ही आपल्या उपखंडाची एक ओळख.

नंतर रस्ते सुधारले, लॉऱ्या मोठ्या झाल्या आणि वाळू पुन्हा रस्त्याने जाऊ लागली. रेल्वे मोडीत निघणार हे दिसू लागले. तेव्हा १९६७ मध्ये काही रेल्वेशौकिनांनी खाणमालकांकडे परवानगी मागितली. आठवड्याच्या दिवशी तुम्ही वाळू न्या, सुटीच्या दिवशी आम्ही प्रवासी नेतो. मालकांनी होकार दिला आणि १९६८ मध्ये प्रवासी गाडी सुरू झाली. काही वर्षे एकाच रुळावर दोन्ही कामे चालली. मुख्य मार्गावरची वाळू थांबली तरी गाडी चालू राहिली. ज्या वाफेच्या इंजिनांना १९१९ नंतर परवडत नाही म्हणून घालवले, त्याच जातीची इंजिने पाहायला आता लोक तिकीट काढून येतात.

शौकीन काय पाहतो, कारागिराने काय पाहावे?

अशा रेल्वेला भेट देणारा शौकीन सकाळी लवकर येतो. गाडी सुटण्यापूर्वी इंजिन तयार होताना त्याला पाहायचे असते. आदल्या दिवशीची राख काढतात. काचेच्या नळीत बॉयलरमधले पाणी किती आहे ते पाहतात. पाणी पुरेसे असल्याची खात्री झाल्याशिवाय काडी लावायची नाही, हा पहिला नियम. मग लाकडे पेटवतात, त्यावर हळूहळू कोळसा. थंड बॉयलरला घाईने तापवले तर पत्रे आणि सांधे असमान फुगतात आणि गळू लागतात. म्हणून दाब चढायला काही तास जाऊ देतात. तोवर एक माणूस तेलाची झारी घेऊन प्रत्येक सांध्यात तेल सोडत असतो.

शौकीन फोटो काढतो, शिट्टी ऐकतो आणि खूश होऊन जातो. आपल्या कारागिराने मात्र गाडीपेक्षा शेड जास्त पाहावी. तेथे बॉयलर उतरवून ठेवलेला असतो. ब्रिटनमध्ये साधारण दहा वर्षांनी बॉयलर पूर्ण उघडून तपासतात. जुन्या नळ्या काढून नव्या बसवतात, पातळ झालेला पत्रा कापून नवा जोडतात, मग थंड पाण्याचा दाब देऊन आणि नंतर वाफेवर चाचणी घेतात. निरीक्षकाने सही केल्याशिवाय इंजिन रुळावर येत नाही. जो भाग बाजारात मिळत नाही त्याचा लाकडी नमुना सुतार बनवतो, मोल्डर त्यावरून ओततो आणि टर्नर तो मापात आणतो. माथेरानच्या इंजिनावर तेथील स्वयंसेवकांनी अशीच वर्षानुवर्षे मेहनत घेतली. त्यांतले बरेच जण दुसरा पोटाचा उद्योग असलेले किंवा निवृत्त लोक. मजुरी न घेता ते काम करतात. तिकीट, चहा-फराळाची टपरी, छोटे दुकान आणि देणग्या यांवर खर्च भागतो.

हे काम आपल्याकडे कोणाला येते? बारामती आणि इंदापूर तालुक्यांतच येते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती अशा साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपला की बॉयलरची दुरुस्ती निघते. नळ्या बदलणे, झडपा घासून बसवणे, पंप उघडणे, रोलर आणि बेअरिंग मापात आणणे ही कामे दर वर्षी होतात. साखर कारखान्याचा बॉयलर इंजिनापेक्षा कितीतरी मोठा असतो, बनावटही वेगळी असते. पण पत्रा, नळी, दाब आणि पाण्याची पातळी यांचे नियम तेच आहेत. आपल्याकडे १९२३ च्या कायद्यापासून बॉयलरवर सरकारी निरीक्षकाची नजर आहे, म्हणून परवाना असलेल्या वेल्डरला आणि जाणत्या बॉयलर कारागिराला मान आहे. अडचण एवढीच की हे ज्ञान वडिलांकडून मुलाकडे तोंडी जाते. मुलगा मोबाइलच्या दुकानात बसला की ते तेथेच थांबते. लाकडी नमुना बनवणारे तर आता शोधावे लागतात.

भंगाराचा हिशेब

भंगाराचा धंदा हलका नाही. जुने लोखंड पुन्हा भट्टीत घालणारा माणूस देशाचे खनिज आणि कोळसा वाचवतो. या धंद्यात आपले पुष्कळ लोक आहेत. पण जुन्या यंत्राच्या बाबतीत हिशेब दोनदा करावा.

समजा दहा टनांचे एक जुने इंजिन आहे आणि भंगाराचा भाव, केवळ हिशेबापुरता, किलोला ३० रुपये धरला. तीन लाख रुपये झाले. तांबे, पितळ आणि गनमेटल वेगळे काढले तर त्यावर काही रक्कम चढेल. कापण्याची मजुरी, गॅस आणि वाहतूक वजा जाईल. हा झाला पहिला हिशेब. कापले की तो तेथेच संपतो. दुसरा हिशेब असा की तेच इंजिन एखाद्या संग्रहालयाला, कारखान्याला, नगरपालिकेच्या बागेला किंवा पर्यटन केंद्राला अखंड हवे असेल का? त्यासाठी ते स्वच्छ करून, रंगवून, चौथऱ्यावर बसवून द्यायचे काम कोण करील? ते काम मिळाले तर लोखंडाच्या भावावर मजुरीही मिळते.

काही खबरदारी मात्र घ्यावीच लागते. रेल्वेचा माल रेल्वेच्या लिलावातूनच घ्यावा. हे लिलाव आता संगणकावर होतात आणि त्याची कागदपत्रे जपून ठेवावीत. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा कडक कायदा आहे. कोणी रूळ, फिशप्लेट किंवा इंजिनावरची पितळी पाटी गुपचूप आणून दिली तर स्वस्त म्हणून हात लावू नये. दुसरी गोष्ट परदेशी गिऱ्हाइकाची. शंभर वर्षांहून जुन्या आणि ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो, आणि अशी वस्तू खासगी व्यापाऱ्याला परदेशी पाठवता येत नाही. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा सल्ला घ्यावा. तिसरी गोष्ट साधी आहे. साखर कारखान्याच्या किंवा गिरणीच्या आवारातले जुने यंत्र लिलावात घेतले तर गॅसकटर लावण्यापूर्वी बनवणाऱ्याची पाटी वाचावी, त्यावरचा क्रमांक आणि साल लिहून घ्यावे, चार फोटो काढावेत आणि जाणकाराला दाखवावेत. यात अर्धा दिवस जाईल. कापलेले इंजिन जोडायला मात्र कोणी येणार नाही.

आपल्या भागात काय करता येईल?

जुन्या यंत्राला आपल्या देशातही गिऱ्हाईक आहे, हे सिद्ध झाले आहे. १८५५ चे फेअरी क्वीन इंजिन १९९७ मध्ये पुन्हा प्रवासी घेऊन धावले. हरियानातल्या रेवाडीची वाफेच्या इंजिनांची शेड आता वारसा म्हणून राखली आहे, आणि तेथील इंजिने चित्रपटांतही दिसली आहेत. दार्जिलिंग रेल्वेला १९९९ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. माथेरानची गाडी २००५ च्या महापुराने बंद पडली, २००७ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०१९ च्या पावसाने मार्ग पुन्हा उखडला तरी २०२२ मध्ये ती नेरळहून पुन्हा निघाली. ती तोट्यात की नफ्यात हा वाद चालतो. पण तिच्यावर माथेरानचे हॉटेलवाले, घोडेवाले, चिक्की आणि चपला विकणारे यांची रोजी काही अंशी अवलंबून आहे. गाडीचा ताळेबंद मांडताना स्टेशनबाहेरच्या गल्ल्यांतली विक्रीही धरली पाहिजे.

बारामतीला आज पियाजोसारखा वाहनांचा कारखाना आहे, औद्योगिक वसाहत आहे, ओतशाळा आणि लेथचे गाळे आहेत. इंदापूरला वालचंदनगरची परंपरा आहे. शेजारी कुर्डुवाडी आहे, जेथे छोट्या इंजिनांची निगा राखली जाई. तेथील निवृत्त फिटर आणि खलाशी अजून भेटतात. त्यांच्याजवळ बसून कोणता भाग कोठे झिजतो, कोणत्या आवाजाला काय बिघाड समजायचा हे तरुणांनी विचारून वहीत उतरवावे. गाळेवाल्यांनी चार-पाच जण मिळून एक काम घ्यावे. नमुना एकाकडे, ओतकाम दुसऱ्याकडे, खरादकाम तिसऱ्याकडे. काल्थ्रॉपने जसा भार आसांवर वाटला तसा आपणही वाटला तर एकट्याला न पेलणारे कंत्राट पाच जणांना पेलते. चौथऱ्यावरचे इंजिन दुरुस्त करण्यापासून मुलांच्या बागेतली छोटी गाडी बनवण्यापर्यंत कामे आहेत, आणि ती निविदेने निघतात. निविदा भरणाऱ्यांत आपली नावे दिसली पाहिजेत.

सहलीला जाणाऱ्या कुटुंबांनाही एक विनंती. माथेरानला जाताना नेरळला थोडे थांबून छोट्या रुळांची रुंदी, वळणे आणि इंजिनाची चाके मुलांना दाखवावीत. ही रेल्वे पीरभॉय घराण्याने आपल्या पैशाने बांधली, हेही सांगावे. घरात कोणी फिटर किंवा टर्नर असेल तर समजावण्याचे काम त्याच्याकडे द्यावे. इंजिन कसे वळते हे त्याच्याइतके चांगले कोणी सांगणार नाही.